शर्मिष्ठेने मागे वळून पाहिले नाही

वि. स. खांडेकरांची 'ययाति' मी पहिल्यांदा वाचली ती १९७१ साली, पाटणच्या वाचनालयातून आणून, आणि तीही पाळीने. पाळीने म्हणजे असे की पुस्तक माझ्या नावावर असायचे, पण एक दिवस ते माझ्याकडे आणि एक दिवस माझ्या मित्राकडे. कोयना आणि केरा यांच्या संगमाजवळच्या त्या लहानशा गावात त्या वेळी पुस्तके फार नव्हती, आणि जी होती ती वाचणारी माणसे त्याहून कमी होती. आम्ही दोघे दहावीत होतो. कादंबरीतली सुभाषितवजा वाक्ये वहीत उतरवून घ्यायची, असा आमचा नेम होता. कुणी कोणते वाक्य उतरवले हे दुसऱ्याला सांगायचे नाही, असा पोटनियमही होता. हा पोटनियम का होता, हे आज मला चांगले कळते. त्या वेळी तो आम्हांला खेळ वाटत होता.

'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला १९६० चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि पुढे १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने खांडेकरांचा गौरव झाला, तेव्हाही सर्वांच्या तोंडी नाव होते ते याच कादंबरीचे. तिच्यावर लिहिले गेलेही पुष्कळ. पण ते बहुतेक सगळे एकाच दिशेने गेलेले आहे. ययाति हा भोगलोलुप आधुनिक माणसाचे प्रतीक कसा, कचाच्या रूपाने संयमाचा आदर्श कसा उभा केला आहे, भोग आणि त्याग यांचा मेळ लेखकाला घालता आला की नाही, अशा प्रश्नांभोवती ही चर्चा फिरत राहिली. हे प्रश्न खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. खांडेकरांना स्वतःलाच ते महत्त्वाचे वाटत होते. परंतु परवा, जवळजवळ पन्नास वर्षांनी, ही कादंबरी पुन्हा हाती घेतली आणि शेजारी आदिपर्वातले मूळ ययात्युपाख्यान ठेवून वाचली, तेव्हा माझे मन राजापाशी थांबेना. ते वारंवार मागे जाऊ लागले. राजा या कथेत शिरण्याच्या आधी, एका वनात, पाण्याच्या काठी, दोन मुलींमध्ये जे भांडण झाले तेथे ते जाऊन अडकू लागले.

ते भांडण वाचकांना ठाऊकच आहे. तरी मूळ कथेतले त्याचे तपशील मी येथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण माझे सारे म्हणणे त्या तपशिलांवरच उभे आहे.

दैत्यांचा राजा वृषपर्वा. त्याची मुलगी शर्मिष्ठा. त्याचे गुरू शुक्राचार्य. त्यांची मुलगी देवयानी. दोघी मैत्रिणी. इतर मुलींबरोबर त्या जलक्रीडेला जातात, काठावर वस्त्रे उतरवून ठेवतात. इंद्र वाऱ्याचे रूप घेऊन ती वस्त्रे एकमेकांत मिसळून टाकतो. शर्मिष्ठा पाण्याबाहेर येते आणि नकळत देवयानीचे वस्त्र उचलते. देवयानी रागाने तिला बोलते : तू माझी शिष्या असून माझे वस्त्र कसे घेतेस? त्यावर शर्मिष्ठा जे बोलते ते भयंकर आहे. माझा बाप बसलेला असो की निजलेला असो, तुझा बाप खाली उभा राहून भाटासारखी त्याची स्तुती करतो. तू मागणाऱ्याची, घेणाऱ्याची मुलगी. मी जो देतो, ज्याची स्तुती होते, त्याची मुलगी. एवढे बोलून ती देवयानीला विहिरीत ढकलते, ती मेलीच असे समजते, आणि घरी निघून जाते. व्यासांनी येथे एक लहानसा तपशील घातला आहे. शर्मिष्ठेने मागे वळून पाहिले नाही.

आता पाहा, या साऱ्या प्रसंगात प्रेमाचा त्रिकोण नाही. राजा अजून आलेला नाही. तो शिकारीने दमून, तहानेने व्याकूळ होऊन मागाहून त्या विहिरीपाशी येणार आहे. कच येऊन गेला आहे; पण देवयानीने त्याचे नाव येथे काढलेले नाही, शर्मिष्ठेनेही नाही. ज्यावरून भांडण पेटले ते वस्त्रही कुणाला हवे होते म्हणून घेतलेले नाही. वाऱ्याने ते केले. आजचा वाचक इंद्राच्या या उचापतीला हसेल. मीही पूर्वी हसत असे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींत जो कधी वावरला आहे त्याला विचारा, की त्यांच्यातले भांडण कशावरून सुरू झाले हे त्यांनी तरी कधी धड सांगितले आहे काय? कुणाचा तरी डबा कुणी तरी उघडला, कुणाच्या तरी जागेवर कुणी तरी बसले. वारा सुटायला निमित्त लागत नाही. प्रश्न असा असतो की, वारा सुटण्याआधी मनात काय साठून होते?

ते काय होते, हे व्यासांनी शर्मिष्ठेच्या बोलण्यातूनच दाखवले आहे. या दोन घरांचे एकमेकांशी नाते विलक्षण गुंतागुंतीचे आहे. वृषपर्वा राजा आहे. धन त्याचे, राज्य त्याचे, शुक्राचार्यांचा योगक्षेम त्याच्या हातात. पण मेलेल्या दैत्यांना उठवणारी संजीवनी विद्या एकट्या शुक्राचार्यांपाशी आहे. ते निघून गेले तर देवांपुढे राजाचे काही चालणार नाही. म्हणजे राजकन्येच्या घरचे ऐश्वर्य गुरुकन्येच्या बापावर उभे, आणि गुरुकन्येच्या घरची चूल राजकन्येच्या बापावर पेटलेली. कोण कोणापेक्षा वर, हे ठरवण्याची सोय नाही. मत्सर पेटायला याहून चांगली जागा कोणती? दासीला राणीचा मत्सर क्वचित वाटतो. तिला राग येतो, भूक लागते, भीती वाटते. मत्सर वाटतो तो रोज शेजारी बसणाऱ्याचा. आणि शेजारी बसायला आपल्याला तोच आवडत असतो, हीच त्यातली गोम आहे.

आपल्या भाषेने या भावनेला किती नावे दिली आहेत! हेवा, असूया, ईर्ष्या, मत्सर, द्वेष. कोशात ही नावे एकमेकांच्या अर्थासाठी बिनदिक्कत वापरलेली दिसतात, पण बोलणाऱ्याला त्यांतला फरक चांगला कळतो. हेव्यात थोडे कौतुक असते. तुझा हेवा वाटतो, असे आपण तोंडावर म्हणू शकतो. असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांत दोष शोधणे, आणि ती कुणी तोंडावर कबूल करीत नाही. मत्सर तर षड्रिपूंच्या रांगेत अगदी शेवटी उभा केलेला आहे, जणू काही आधीचे पाच आटोपल्यावर त्याच्याकडे पाहू. आमच्या पाटणच्या बाजूला या शास्त्रार्थाची गरज पडत नाही. तेथे माणूस दुसऱ्यावर 'जळतो', दुसऱ्याचे त्याच्या 'डोळ्यांत खुपते', नाही तर त्याच्या 'पोटात दुखते'. तिन्ही दुखणी शरीराचीच. कुमारवयातल्या मत्सराला हे शब्द मला अधिक बरोबर वाटतात, कारण त्या वयात तो विचार म्हणून येतच नाही. तो पोटातून येतो, तोंडातून बाहेर पडतो आणि मग आपण घरी जाऊन जेवतो.

खांडेकरांनी या दोघींचे काय केले? प्रथम त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तिघांची आत्मनिवेदने त्यांनी योजली. ज्या शर्मिष्ठेला आपल्या लेखकांनी फारसे बोलू दिले नव्हते तिला आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगण्याची संधी दिली. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, १८९८ सालचा. त्यांच्या आधी सांगलीच्याच कृ. प्र. खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरण' नाटक लिहून देवयानीला रंगभूमीवर आणले होते. पण तेथे ओढ होती ती कचाची, संजीवनीची आणि शुक्राचार्यांच्या मद्यपानाची. शिरवाडकरांच्या १९६६ च्या नाटकाचे नावच 'ययाति आणि देवयानी'. शर्मिष्ठेला त्या नावात जागा मिळाली नाही. गंमत अशी की, 'ययाति'च्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८५९ साली, बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी आपल्या नाटकाला 'शर्मिष्ठा' हेच नाव दिले होते. नावाच्या बाबतीत तरी बंगाल आमच्या पुढे गेला.

पण आवाज देऊन खांडेकरांनी तिचे काही काढूनही घेतले. त्यांची शर्मिष्ठा समंजस आहे, सोशिक आहे, प्रेमळ आणि त्यागी आहे. त्यांची देवयानी गर्विष्ठ, मानी आणि सूड धरणारी आहे. आणि ती तशी का, याचे उत्तर कचावरच्या तिच्या विफल प्रेमात आहे. म्हणजे मत्सर एकीच्या पदरात टाकला, आणि त्याचे कारण एका पुरुषाला केले. वाचक आपोआप शर्मिष्ठेच्या बाजूला जाऊन बसतो. मी पुढे पुष्कळ वर्षे शिक्षक होतो. 'ययाति' वाचलेल्या मुलींना मी अनेकदा विचारले, की तुम्हांला या दोघींत कोण जवळची वाटते? देवयानी असे उत्तर मला आजवर एकदाही मिळालेले नाही. आता हे यश म्हणायचे की अपयश? ज्या कादंबरीत सर्व वाचक स्वतःला मत्सराचा बळी समजून पुस्तक मिटतात, आणि मत्सर करणारा कुणी एकही त्यांच्यात निघत नाही, ती कादंबरी त्या भावनेविषयी आपल्याला काय सांगते?

मूळ कथा इतकी सोयीची नाही. तेथे बोचणारे शब्द शर्मिष्ठेचे आहेत आणि विहिरीत ढकलणारे हातही तिचेच आहेत. सोशिक तीच, खुनशी तीच. आणि जी पुढे निर्दयपणे सूड घेते ती देवयानी तेथे प्रथम एका कोरड्या विहिरीत पडून राहिलेली मुलगी आहे. या दृष्टीने गिरीश कर्नाडांनी १९६१ सालच्या आपल्या कानडी नाटकात शर्मिष्ठेला जी तिखट, कडवट जीभ दिली, ती मला मूळच्या अधिक जवळची वाटते. कर्नाडांची शर्मिष्ठा कुणाला आवडावी अशी नाहीच. म्हणूनच ती कुणाची तरी मैत्रीण असेल यावर विश्वास बसतो.

येथे मला माझ्या मित्राकडे वळले पाहिजे. हे आत्मचरित्र नव्हे, याची मला जाणीव आहे. पण 'ययाति'विषयी माझे जे मत झाले ते पुस्तकांवरून झालेले नाही, आणि ते लपवून टीका लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

माझ्या वडिलांचे पाटणच्या पेठेत किराणा मालाचे लहान दुकान होते. माझ्या मित्राचे गाव कोयनेच्या धरणाखाली गेले होते. शिवसागर जलाशय भरला तेव्हा त्या खोऱ्यातली माणसे कुठे कुठे पांगली. त्याचे वडील पाटणच्या आसपास नातलगांच्या आधाराने राहिले आणि दुसऱ्याच्या जमिनीत राबू लागले. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि त्यांचे नवे घरही बसले. नंतर कित्येक दिवस ते पत्र्याच्या शेडमध्ये होते. त्यांचे सामान आमच्या दुकानातून उधारीवर जायचे. भाताची सुगी झाली की काही रक्कम यायची, बाकीची पुढच्या पानावर चढायची. हे सगळे मला माहीत होते, कारण संध्याकाळी खतावणी मीच लिहायचो. आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होते. आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही.

उलट बाजू अशी की, तो माझ्यापेक्षा हुशार होता. थोडासा नव्हे, पुष्कळ. त्याचे मराठी ऐकत राहावे असे होते. गणितात मी अडलो की तो सांगायचा, आणि त्याने सांगितलेले मला कळायचे. वर्गात शिकवलेले कळायचे नाही. आमच्या दुकानाचे ऐश्वर्य आणि त्याची विद्या! वृषपर्वा आणि शुक्राचार्य यांच्या मानाने हे फार लहान प्रमाणावरचे होते खरे, पण रचना तीच होती.

एके दिवशी मराठीच्या तासाला सरांनी निबंधाच्या वह्या आणल्या. आम्हा दोघांच्या वह्यांना एकच खाकी कागद घातलेला असे; तो आमच्या दुकानातला. सरांनी वरची वही घेतली, माझ्याकडे पाहून शाबासकी दिली आणि निबंध वाचायला सुरुवात केली. अर्धे पान होईपर्यंत मला कळले होते की हा माझा नव्हे. मी गप्प राहिलो. वर्ग माझ्याकडे पाहत होता. सरांनी पान उलटले, त्यांना काही शंका आली, त्यांनी वहीवरचे नाव पाहिले आणि हसून म्हणाले, "अरेच्चा, ही तर याची!" सगळा वर्ग हसला. माझा मित्रही हसला. त्याच्या हसण्यात काही वाकडे नव्हते, हे मी आज शपथेवर सांगेन. तास सुटला, सगळे बाहेर आले, तो माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला, आणि मी दहा मुलांसमोर त्याला म्हणालो, "आधी आमच्या दुकानातलं खातं मिटव, मग निबंध लिही."

आणि मी घरी गेलो. मागे पाहिले नाही.

दोन-तीन आठवड्यांनी त्याचे वडील दुकानात आले. सुगीला अजून अवकाश होता. त्यांनी पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले, सगळे, आणि खात्यावर रेघ मारून घेतली. माझे वडील म्हणाले, "एवढी घाई काय होती?" ते काही बोलले नाहीत. त्यानंतर ते आमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. त्या रात्री वडिलांनी मला विचारले, "तू काही बोललास का त्या पोराला?" मी नाही म्हणालो. पैसे कुठून आणले असतील, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. पुढे पडला, तेव्हा विचारायला कुणी नव्हते.

'ययाति' त्या वेळी माझ्याकडेच राहिली होती. पाळी मोडली होती, म्हणून मी ती एकट्याने पुरी केली. आणि गंमत पाहा, मी सगळा वेळ शर्मिष्ठेच्या बाजूने होतो. तिच्या दुःखाने माझे डोळे भरून आले. देवयानीचा मला संताप आला. आपण काय केले आहे आणि या पुस्तकात काय लिहिले आहे, यांचा काही संबंध असेल असे मला वाटलेही नाही. खांडेकरांची लेखणी मोठी होती यात शंका नाही. तिने मला रडवले, पण मला पकडले नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

मूळ उपाख्यानात मला पकडणाऱ्या दोन जागा आहेत. पैकी पहिली ही. विहिरीतून बाहेर आल्यावर देवयानी नगरात यायला तयार होत नाही. शुक्राचार्य तिच्याकडे जातात आणि तिला क्षमेचा उपदेश करतात. राग आवरणारा माणूस किती थोर, हे ते सांगतात. आणि शेवटी म्हणतात की, मुले-मुली अजाणपणे जे वैर धरतात त्याचे अनुकरण शहाण्याने करू नये. मुले काय भांडतात, त्यांना बळाबळ कळत नसते. हे मी प्रथम वाचले तेव्हा दचकलो. एवढ्या प्राचीन ग्रंथात, एवढ्या मोठ्या वंशकथेच्या उंबरठ्यावर, पोरांच्या भांडणाविषयी एक वाक्य असावे! पण खरी कमाल देवयानीच्या उत्तरात आहे. ती म्हणते, मी लहान असले तरी धर्म जाणते. क्षमा कोणती, क्रोध कोणता, यांचे बळ कशात आहे हे मला कळते. पण जे आपल्या कुळाचा आणि वागण्याचा उपहास करतात त्यांच्यात मी राहणार नाही. म्हातारा म्हणतो, तू लहान आहेस म्हणून हे सोडून दे. मुलगी म्हणते, मी लहान आहे आणि तरी मला कळते. या दोन वाक्यांमध्ये कुमारवयाविषयी जेवढे सांगून झाले आहे तेवढे मी आपल्या कादंबऱ्यांत क्वचित वाचले.

आणि शुक्राचार्य काय करतात? शहाण्याने अनुकरण करू नये, असे नुकतेच सांगणारे हे गुरुजी उठून थेट राजाकडे जातात आणि आपण तुझे राज्य सोडून चाललो असे बजावतात. पोरींचे भांडण दोन घरांचे होते, मग एका राज्याचे होते. राजकन्या दासी होते. पुढे देवयानीला यदु आणि तुर्वसु, शर्मिष्ठेला द्रुह्यु, अनु आणि पूरु; एका बाजूने यादव, दुसऱ्या बाजूने कौरव-पांडव. सारे भारत या दोन मैत्रिणींच्या पोटातून निघाले. अर्जुन आणि एकलव्य यांच्या बाबतीतही हेच झाले नाही काय? अर्जुनाला वाईट वाटले, तो गुरूपाशी एकांतात बोलला. अंगठा मागितला तो द्रोणाचार्यांनी. मुलाच्या पोटातले दुखणे मोठ्यांनी हातात घेतले की त्याची शस्त्रक्रिया होते, आणि कापले जाते ते भलत्याचेच. माझ्या वडिलांनी मला त्या रात्री आणखी एकदा विचारले असते तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. त्यांनी विचारले नाही. शुक्राचार्यांपेक्षा ते बरे होते की वाईट, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

अलीकडच्या मराठी साहित्याने या वयाकडे अधिक जवळून पाहिले आहे. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) ही आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांची कादंबरी तिच्या बोलीसाठी आणि खरेपणासाठी वाखाणली गेली, ते योग्यच झाले. पण तिच्यातल्या मुलांमध्ये एक अलिखित करार आहे : ज्याची त्याची 'लाईन' ठरलेली, दुसऱ्याने तिच्याकडे पाहायचे नाही. या करारामुळे मैत्री शाबूत राहते आणि मत्सराला दारातूनच परत जावे लागते. 'किल्ला' (२०१४) या अविनाश अरुण यांच्या चित्रपटात किल्ल्यावर पावसात मित्रांनी मागे टाकलेला एक मुलगा आहे. तो प्रसंग मी विसरू शकत नाही. पण कॅमेरा मागे राहिलेल्याजवळ थांबतो. जे पुढे निघून गेले त्यांच्याबरोबर तो जात नाही. पुन्हा तेच. आपल्या कलावंतांचा जीव विहिरीत पडलेल्यात अडकतो, आणि तो अडकावाच. परंतु घरी गेलेलीचे काय झाले, ती त्या संध्याकाळी काय जेवली, रात्री झोपली का, हे कुणी लिहीत नाही. व्यासांनीही लिहिले नाही. पण त्यांनी ती जागा उघडी ठेवली, भरून टाकली नाही.

दुसरी जागा सांगतो आणि थांबतो. देवयानी विहिरीतून बाहेर आल्यावर शर्मिष्ठेचे ते शब्द बापाला सांगते : स्तुती करणाऱ्याची मुलगी, मागणाऱ्याची, घेणाऱ्याची. पुढे शर्मिष्ठा दासी व्हायला येते. ती कुरकूर करीत नाही. माझ्यामुळे शुक्राचार्य आणि देवयानी निघून जायला नकोत, एवढेच तिचे म्हणणे. तेव्हा देवयानी तिला विचारते : मी तर स्तुती करणाऱ्याची, मागणाऱ्याची, घेणाऱ्याची मुलगी, आणि तू, जिच्या बापाची स्तुती होते, माझी दासी कशी होशील? शब्द जवळजवळ तेच. क्रमही तोच. बोलणारी ते बोलून गेली. ऐकणारीने ते जसेच्या तसे जपून ठेवले. पौराणिक काव्यात पुनरुक्ती असतेच, तिचे एवढे काय, असे कुणी पंडित म्हणतील. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो.

१९९४ च्या मे महिन्यात कराडच्या एस.टी. स्टँडवर मी पाटणच्या गाडीची वाट पाहत होतो. कुणी तरी पाठीवर हात ठेवला. वळून पाहिले तर तो. तेवीस वर्षांनी. तो दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होता, बरोबर बायको आणि दोन मुली होत्या. चिपळूणच्या गाडीने पुढे जायचे होते. आम्ही चहा घेतला. त्याने माझ्या वडिलांची चौकशी केली, ते गेल्याचे कळल्यावर हळहळला. मुलींना म्हणाला, "हे काका आणि मी एका बाकावर बसायचो." मी पैसे द्यायला खिशात हात घातला, तर त्याने माझे मनगट धरले, स्वतः पैसे दिले आणि हसत हसत म्हणाला, "राहू दे रे. मिटलंय ना आमचं खातं?"

तो खरोखर हसत होता. मग त्याची गाडी लागली.